सहवासांक बावन्न

कैवल्यच्या उशीचा अभ्रा शरयूनं अकरा महिने धुतला नव्हता. टॉवेल त्याचा, कंगवा त्याचा, पाणी प्यायचं भांडंही त्याचंच वापरत होती. एवढं करूनही सहवासांक बावन्न आला, आणि वेस्टमार देशाला हवा होता साठ.

नवरा-बायकोला तिकडच्या व्हिसासाठी लग्नाचा दाखला पुरे. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना मात्र पूर्वी फोटो, भाडेकरार, शेजाऱ्यांची पत्रं असं गाठोडं घेऊन फिरावं लागे, आणि त्यातलं निम्मं बनावट निघे. मग वेस्टमारच्या शास्त्रज्ञांनी खोटं बोलू न शकणारा साक्षीदार शोधून काढला. माणसाच्या कातडीवर, तोंडात, आतड्यात अब्जावधी सूक्ष्मजीव वस्ती करून असतात. एका घरात राहणाऱ्या, एकाच भांड्यातलं खाणाऱ्या माणसांमध्ये त्यांची सतत देवाणघेवाण चालते आणि काही वर्षांत दोघांच्या वस्त्या बऱ्याच सारख्या होतात. किती सारख्या, ते शंभरात मोजलं की झाला सहवासांक. दोन अनोळखी माणसांचा तो विसाच्या आत येतो, वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्यांचा सत्तरच्या वर जातो. फक्त ताटातूट झाली, पाणी बदललं, जेवण बदललं, की तो उतरायला लागतो. थोडक्यात, एकत्र राहायची परवानगी हवी असेल तर आधी एकत्र राहत असायला हवं. हा नियम करणाऱ्याला आयुष्यात कधी कुणाची वाट पाहावी लागली नसणार.

शरयू निमकर आणि कैवल्य रणदिवे मिरजेत नऊ वर्षं एकत्र राहिले. त्याच्या पहिल्या लग्नाचा घटस्फोट बारा वर्षं कोर्टात अडकलेला, त्यामुळे दाखल्याचा प्रश्नच नव्हता. संसार मात्र पुरेपूर होता. त्यांच्या घरात रोज दुधाच्या दोन पिशव्या यायच्या, कारण दुसरा दमला असेल म्हणून दोघंही परतताना गुपचूप एकेक घेऊन यायचे. "तू काही करू नकोस, मी बघते," असं ती म्हणायची. "तू काही करू नकोस, मी बघतो," असं तो म्हणायचा. नऊ वर्षांत दोघांपैकी एकानंही ते ऐकलं नव्हतं. मग समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायची पाच वर्षांची नोकरी त्याला वेस्टमारमध्ये मिळाली. दोन महिन्यांत तुला बोलावतो म्हणाला आणि गेला.

आता एकच संधी उरली होती. साठ दिवसांनी दुसरी चाचणी. तीतही अंक कमी आला तर ती जोडी कायमची बाद, पुन्हा अर्ज नाही. या साठ दिवसांत दोघांचा प्रत्येक फोन, प्रत्येक निरोप व्हिसा कचेरी ऐकणार होती. सूक्ष्मजीवांबद्दल अवाक्षर निघालं तरी अर्ज फेटाळला जाणार होता.

शरयू एक छोटी कुपी घेऊन डॉ. फिरदौस मुजावर यांच्याकडे गेली. पहिल्या चाचणीनंतर नियमाप्रमाणे दोघांनाही एकमेकांच्या नमुन्याचा थोडा भाग मिळाला होता. शंका असेल तर स्वतःच्या लॅबमध्ये तपासून घ्या म्हणून. डॉक्टर पोटाच्या जुनाट आजारांवर निरोगी माणसाचे सूक्ष्मजीव रुग्णाला देऊन उपचार करायच्या.

"हे कैवल्यचे आहेत. माझे सगळे काढून टाका आणि हे घाला," शरयू म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "शरयूताई, हे काय भाड्याचं घर आहे होय, जुना भाडेकरू काढला नि नवा ठेवला? आधी तुमचे सूक्ष्मजीव मारायला दहा दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं. जुलाब, ताप. अंगातली ताकद पार जाईल. नंतर गोळ्यांतून पोटात आणि मलमातून अंगावर त्याचे जीव सोडायचे. तुमच्या अंगाचा वाससुद्धा बदलेल. घामाला स्वतःचा वास नसतो, तो हे जीव तयार करतात."

"म्हणजे मला त्याचा वास येईल?"

"बराचसा."

शरयूला रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं ती घाबरली.

"अंक किती येईल ते सांगा," डोळे पुसत ती म्हणाली.

"तो तिकडे आहे तसाच राहिला तर नव्वदच्या घरात." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "पण एक लक्षात घ्या. हे एकानंच करायचं. कुपी त्यांच्याकडेही आहे ना?"

"आहे. पण तो नाही करणार. सुई बघितली तरी त्याला चक्कर येते. गळू फोडायला नेलं होतं तर दवाखान्याच्या मागच्या दारानं पळून आला होता."

"तरी सांगून ठेवा."

"कसं सांगू, डॉक्टर? ते ऐकतात."

तरीही तिनं प्रयत्न केला. रविवारच्या फोनवर हवापाण्याचं बोलून झाल्यावर ती शब्द तोलत म्हणाली, "कैवल्य, तू काही करू नकोस. मी बघते."

पलीकडून तो म्हणाला, "तूच काही करू नकोस गं. मी बघतो ना."

तिला हसू आलं. त्याची ती जुनी सवय. बोलायचं म्हणून बोलला, असं तिनं धरलं आणि दुसऱ्या दिवशी दंड पुढे केला.

दहा दिवसांत ती सहा किलोंनी उतरली. भिंतीला धरून चालू लागली. गोळ्या-मलमाचं सगळं आटोपल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती ओढणी घडी करत होती आणि मध्येच थबकली. कैवल्य पाठीशी उभा असल्यासारखं वाटलं. तिनं मान वळवली, मग मनगट नाकाला लावलं. तो वास तिच्याच अंगाचा होता. किती महिन्यांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुण्याच्या व्हिसा कचेरीत तिनं नमुना दिला, त्याच तासाला त्यानं तिकडे दिला. आठवड्यानं तिला बोलावणं आलं. खिडकीमागच्या अधिकारी बाई तरुण होत्या आणि सभ्यही.

"सॉरी मॅडम. बावन्न."

"पुन्हा बघा," शरयू म्हणाली. "असं होणारच नाही. पुन्हा बघा हो. पाया पडते तुमच्या, मशीन चुकलं असेल!"

"दोनदा तपासलंय. मागच्या वेळेइतकाच आहे, कणभरही हललेला नाही." बाईंनी कागदावर शिक्का मारला. "तुमची जोडी बंद झाली. आता तुमचे फोन आम्ही ऐकणार नाही. तुम्ही मोकळ्या आहात."

पायरीवर बसून तिनं फोन लावला. तो आधीच रडत होता. काय झालं ते विचारायची गरजच पडली नाही. बावन्नवर उभी असलेली दोन माणसं एकमेकांच्या जागी जाऊन उभी राहिली होती. मधलं अंतर तेवढंच राहिलं.

"तुला सांगितलं होतं ना, काही करू नकोस म्हणून!" ती ओरडली.

"मीही सांगितलं होतं."

"सुई टोचताना चक्कर नाही आली?"

"दोनदा पडलो." तो नाक ओढत हसला. "शरू, सकाळी शर्ट घालताना तुझा वास येतो. आख्खी तू. मला वाटलं, एवढं एक तरी जमलं."

डॉ. मुजावर यांनी तिला शेवटचं जे सांगायचं ते सांगितलं. वस्ती टिकत नाही. माणूस ज्या गावचं पाणी पितो, जे खातो, तसे त्याचे जीव बदलत जातात. सहा-आठ महिन्यांत मिरज तिच्या अंगावरून कैवल्यला पुसून टाकेल, आणि त्याच्या अंगावरून वेस्टमार तिला.

"उपाय?"

"नाही. तो खातो तेच तुम्ही खात राहिलात, तर थोडे जास्त दिवस."

शरयूनं ज्वारी बंद केली. कोल्हापूरच्या एका दुकानातून ती राय नावाच्या धान्याचा काळा आंबट पाव आणि डब्यातला खारट मासा आणू लागली. जन्मात मासा न खाल्लेली बाई ती, नाक दाबून गिळायची. आंघोळ दोन दिवसांआड, तीही साबणाशिवाय. गल्लीतल्या बायका तिच्या जवळ बसेनाशा झाल्या.

रविवारी फोनवर तिला पलीकडून थापल्याचा आवाज ऐकू आला.

"काय करतोस?"

"भाकरी. इथं एका दुकानात ज्वारीचं पीठ मिळालं. धड जमत नाही, तुटते. तू नीट जेव गं. वाळली असशील. ते टिकवायचं वगैरे तू काही करू नकोस. मी बघतो."

"बरं," ती म्हणाली, आणि काळ्या पावाचा पुढचा तुकडा तोंडात घातला.