चुकून शिकलेला पंप

प्रयोगशाळेच्या झुलत्या मेजावर पेट्रोलची टाकी करकचून बांधली होती. वृषाली दरेकरचं चित्त मात्र बाकावर बसलेल्या सुदाम काळोखेकडे होतं. तो रुग्णवाहिकेचा चालक. घाटात त्याची गाडी बंद पडली आणि साप चावलेली मुलगी वाटेतच गेली. गाडीच्या टाकीतल्या इंधनपंपाच्या नोंदीत बंद पडण्याचं कारण होतं, टाकी कोरडी. लोकांनी धावपळ करून कॅन ओतला तेव्हा कुठे गाडी हलली, त्यामुळे आधी पेट्रोल किती होतं हे आता कोण सांगणार? सुदामवर खटला उभा राहणार होता.

"पेट्रोल होतं, साहेब," वृषाली चौकशीप्रमुख नगरकरांना म्हणाली. "हा पंप टाकीतच बुडून बसतो. त्याची मोटर पेट्रोल दाबाने इंजिनाकडे ढकलते, आणि तेच पेट्रोल तिला गारही ठेवतं. कोरडी फिरली की जळालीच म्हणून समजा. म्हणून या अनुभवातून शिकत जाणाऱ्या पंपाला मी स्वतःला जपायला शिकवलं. कोरडं लागलं की बंद, आणि टाकीत भर पडेपर्यंत बंदच."

"मग बरंच केलंत की."

"कसलं बरं! शिकवलं ते सपाट टेबलावर, टाकी हळूहळू रिकामी करून. तिथे गेलेलं पेट्रोल कधी परत आलंच नाही. चढावर, वळणावर ते क्षणभर बाजूला जातं नि परत येतं, हे त्या बापड्याला काय ठाऊक?"

घाटात चाचणी घ्यायला तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. नव्या पंपाच्या उद्घाटनाची घाई होती, नि टेबल सोयीचं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं.

"दाखवा," नगरकर म्हणाले.

पंप त्याच गाडीतला होता. मेज तिरपं झालं, पेट्रोल एका कडेला पळालं. पंपाचा आवाज चिरका झाला, मंदावला, आणि पेट्रोल येताच पुन्हा नीट सुरू झाला. परत केलं, परत तेच!

"बंद कुठे पडतोय, बाई?"

वृषालीच्या ध्यानात आलं. त्या दिवशी बंद पडल्यावर, कॅन येण्याआधीच, पेट्रोल पुन्हा पंपाच्या अंगावर आलं होतं. चुकला आणि गेलेलं पेट्रोल परत येतं हे शिकला, तिने घडवला होता तसाच! तिने कपाटातला दुसरा पंप लावला. तोही थांबेना. सगळे पंप आपली शिकवण एकमेकांना वाटत असत, आणि शिकलेलं पुसता येत नसे. ती चूक करणारा पंप आता कुठे उरलाच नव्हता.

"साहेब, दोष माझा आहे. लिहून घ्या."

"कशाच्या आधारावर?" नगरकर उठले. "तुम्ही मनाने चांगल्या आहात, म्हणून याला वाचवताय. पंप तर चोख आहे."

सुदाम हात जोडून पुढे आला. "ताई, माझ्यापायी तुम्ही बोल लावून घेऊ नका. निघताना पेट्रोल बघायला हवं होतं मी."

"बघितलं होतंत, सुदामभाऊ! तुम्हीच सांगितलंत ना मला!"

"वाटत होतं तसं." त्याने डोळे पुसले. "पण मशीन कशाला खोटं बोलेल, ताई?"