घंटा वाजेपर्यंत

"माझी मुलगी तिच्या बापानंच पळवलीय," असं म्हणत एक बाई घारी वहिनींच्या दारात आली.

वहिनींनी तिला धरून बसवलं. घाऱ्या डोळ्यांमुळे सगळे त्यांना घारी वहिनी म्हणत. हरवलेलं शोधणं हा त्यांचा धंदा. सोबतीला त्यांचे धाकटे दीर, भावजी. देह अवाढव्य, मन लोण्याचं आणि डोकं जरा सावकाश चालणारं.

पलीकडच्या रस्त्यावरच्या शाळेत मुलींच्या पथकाचं दोन दिवसांचं शिबिर भरलं होतं. यंदा सगळे खेळ पाणबुडीचे. दुपारच्या खेळानंतर तिची मुलगी चिमणी कुठंच दिसेना. पथकातली ती सगळ्यात धाकटी, आणि दम्याची.

"पंप जवळ आहे तिच्या?"

आईनं मूठ उघडली. दम्याचा पंप तिच्याच हातात होता. "शिबिरताईंच्या पिशवीत राहिला."

वहिनींनी चपला पायांत सरकवल्या. "चला. वाटेत बोला. मुलगी कशी आहे?"

"गुणी आहे. नको तितकी. एकदा दुकानाच्या दारात थांब म्हटलं, तर पावसात चिंब भिजली पण आत आली नाही."

शाळेच्या फाटकाशी पोलीस चिमणीच्या वडिलांना प्रश्न विचारत होते. नवरा-बायको वेगळे राहत. "बाहुली द्यायला आलो होतो," ते काकुळतीनं सांगत होते. "खेळ चाललाय म्हणून फाटकातूनच परत पाठवलं मला. तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही." बाहुली अजून त्यांच्या काखेत होती.

शाळेमागच्या तळ्यात दोघंजण लांब बांबूनं तळ चाचपत होते. आईनं तिकडे पाहिलंच नाही.

सभागृहाच्या दाराशी लाल नाडीचे छोटे बूट होते. बाकीच्या मुलींच्या पायांत बूट होते.

आत खिडक्यांना निळे कागद चिकटवले होते. खरोखरच पाण्याखाली उतरल्यासारखं वाटत होतं. मुली एका कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. इतक्या मुली आणि एवढी शांतता! भावजींच्या अंगावर काटा आला. मंचाला टेकून गाद्यांची मोठी चळत रचली होती, तिच्यावर त्यांनी बूड टेकलं.

वहिनींनी सगळ्यात मोठ्या मुलीला जवळ बोलावलं. ती पाणबुडीची कप्तान.

"काय खेळत होतात गं?"

"गप्प-कवायत. बूट काढायचे आणि जोडीजोडीनं लपायचं. शत्रू वर फिरतोय. तो हाका मारणार. ताईंच्या आवाजात, आईच्यासुद्धा आवाजात. जी ओ देईल तिच्यामुळे सगळी पाणबुडी बुडणार. घंटा वाजेपर्यंत हूं की चूं करायचं नाही."

"चिमणी कुणाबरोबर लपली?"

"एकटीच. तिच्या जोडीदारणीला ताप आला, ती सकाळीच घरी गेली."

"दारातून कुणी बाहेर गेलं?"

"नाही. पहाऱ्यावर मीच होते. खेळ संपल्यावर सगळ्या बूट घालून बाहेर आल्या, तेव्हा ती नव्हती."

शिबिरताईंचे डोळे रडून सुजले होते. "मी सगळीकडे हाका मारल्या हो. कोठीत, जिन्याखाली, मंचाखाली. तिची आई तर घसा फुटेस्तोवर ओरडली."

"खेळ संपल्यावर काय केलंत?"

"काय करणार? रात्रीच्या गाद्या आणून रचल्या, मुलींना खाऊ दिला."

वहिनींनी टेबलावरची पितळी घंटा उचलली. आतल्या लोलकाला फडकं गुंडाळलं होतं. त्यांनी ते हुंगलं, फोडणीचा वास आला, आणि थेट स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी हाक मारली. "आचारीकाका!"

आचारी दाराआडून बिचकत पुढे आला. "सकाळपासून कानाशी ठणाणा चालला होता, बाई. जेवणानंतर जरा डुलकी काढावी म्हणून मीच बांधलं. त्यात काय आभाळ कोसळलं?"

"ताई, खेळ संपला तेव्हा ही वाजली?"

"हलवली मी. नुसती बद्द झाली. कोण बघत बसतंय! टाळ्या वाजवल्या, 'या गं सगळ्या' म्हटलं. आल्या की."

वहिनींनी फडकं ओरबाडून काढलं आणि घंटा वाजवली. ठण्ण! ठण्ण!

कुणी आलं नाही.

मग अगदी जवळून, लाकडावर नखं घासावीत असा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा.

"भावजी, उठा! ओढा त्या गाद्या!"

भावजी एवढे चपळ असू शकतात हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. गाद्या भराभर मागे फेकल्या जात होत्या आणि वहिनी ओढता ओढता बोलत होत्या.

"पळवणारा माणूस बाहुली काखेत घेऊन फाटकाशी थांबत नाही. आणि बूट दाराशीच आहेत. म्हणजे ती बाहेर गेलीच नाही. जोड्यांनी लपलेल्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं आणि ताईंच्या हाकेला उठल्या. चिमणीला खुणावणारं कुणी नव्हतं. तिच्यासाठी ती हाक म्हणजे शत्रूच. नियम तिनं एकटीनं पाळला."

"पण मंचाखाली मी..." शिबिरताई अडखळल्या.

"हाका मारल्यात. वाकून बघितलं नाहीत. आणि गाद्या रचल्यात त्या याच दारावर."

मंचाखालच्या कप्प्याची झडप उघडली.

जुन्या पडद्यांच्या धुळीत चिमणी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ओठ निळसर, छातीचा भाता चाललेला. एक हात तिनं स्वतःच्याच तोंडावर घट्ट दाबून धरला होता.

आईनं हात पुढे केले. चिमणी आणखी आत सरकली.

"घंटा... खरी वाजली?"

वहिनींनी पुन्हा घंटा वाजवली. तेव्हा कुठे तो हात तोंडावरून खाली आला. आईनं पंप तिच्या ओठांना लावला. एक दाब, थोडं थांबून दुसरा. फाटकाशी उभे असलेले वडील बाहुली काखेत घेऊनच धावत आले. हळूहळू श्वासाची शिट्टी कमी झाली.

चिमणीनं आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं.

"तो शत्रू अगदी तुझाच आवाज काढत होता," ती म्हणाली. "रडतसुद्धा होता. तरी मी ओ दिली नाही."