मागचा पसारा

जाफरभाईंच्या फोटो स्टुडिओत एक नियम होता. रोलमधली एकही फ्रेम वाया जाऊ द्यायची नाही! सावली गावातली माणसं बारशाला घातलेला रोल लग्नापर्यंत पुरवणारी. कुणी एखादी फ्रेम उरलेला कॅमेरा घेऊन आलं, की जाफरभाईंची लेक उमेरा त्याला स्टुलावर बसवायची आणि खटकन ती संपवून टाकायची.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात फैज असाच आला. खैरुन शिवणवालीचा मुलगा, हवाई दलात विमानांची दुरुस्ती करणारा. कारगिल पेटलं होतं, त्याची सुट्टी मधेच रद्द झाली होती.

"रोल धुवून द्या," तो म्हणाला. "एक फ्रेम उरली आहे."

"बसा तिथी."

"माहं तोंड मी रोजच पाहतो..." म्हणत त्यानं कॅमेरा तिच्याकडे वळवला, आणि खट्!

"ओ! कोणाले विचारून?" उमेराचा राग कायम नाकावर.

"तुमचाच नियम आहे नं?"

संध्याकाळी पाकीट देताना तो फोटो बाजूला काढायचा, असं तिनं ठरवलं होतं. ठरवलं होतं हो! पण रोल त्याचा, म्हणजे फोटोही त्याचाच... अशी स्वतःची समजूत घालून तिनं तो आत सरकवला.

जाताना फैज म्हणाला, "तिकडून रोल पाठवीन. अम्मी लढाईच्या बातम्या ऐकून जेवत नाई. तिले दाखवजा, पोरगा खाऊन-पिऊन राह्यला म्हणून."

मग सुट्टीवर येणाऱ्या कुणा ना कुणाच्या हाती काळ्या-पांढऱ्या फोटोंचे रोल येऊ लागले. विमानांचे फोटो काढायला बंदी. साहेबांची परवानगी होती ती बाकीच्या संसाराची. त्यामुळे त्या रोलमध्ये लढाई कुठेच नव्हती. पोळ्यांची चळत होती, वाळूच्या पोत्यांना टेकून घोरणारा स्वयंपाकी होता, एकाच फुटक्या आरशात तिघांची दाढी चालली होती. आणि अधूनमधून मित्रानं काढलेला फैज.

खैरुनचाचीला बाकी कशाशी घेणंदेणं नव्हतं. "मले पोट्ट्याचं तोंड मोठं पाह्यजे, बाई. जेवला का नाई, तोंडावरून समजते."

मग उमेरा त्याचा चेहरा मोठा करायची आणि भोवतालचं सगळं छाटून टाकायची. गिऱ्हाइकाला चेहरा हवा, मागचा पसारा नको, ही अब्बांची पहिली शिकवण. चाचीचा जीव भांड्यात पडायचा. आणि उमेराचा? अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, ट्रेमध्ये ते तोंड हळूहळू उमटायचं, हसायचं... आणि ती कागद वेळेवर बाहेर काढायला विसरायची. सरळच सांगायचं तर पोरगी पार बुडाली होती.

लढाई संपली. शिवारातले धानाचे रोवणे आटोपले, तेव्हा फैज आला. उमेरानं त्या दिवशी उगीचच दोनदा वेणी घातली. पण तो आला तो चाचीच्या मागं मागं, मान खाली घालून.

"एक चांगला फोटो काढ याचा," चाची म्हणाली. "राजुऱ्याची पोरगी पाह्याले उद्या जाऊन राह्यलो. तिच्या घरी द्याले पाह्यजे."

उमेरानं चटकन पाठ फिरवली. मग दिवा लावून त्याची कॉलर नीट करायला पुढं झाली.

"एवढे रोल पाठवले," तो हळूच म्हणाला. "तू एक शब्द नाई बोलली."

"काय बोलू? फोटो... चांगले होते."

"बस? माह्या मागं पाह्यलं नाई?"

"मागचं तर मी छाटलं."

"सगळं?"

"सगळं."

"या अल्लाह!" फैजनं कपाळावर हात मारला. "जाय, निगेटिव्ह काढ. आता काहीच छाटू नोको."

तिनं अंधाऱ्या खोलीत शिरून काळा पडदा ओढला. तो बाहेर उभा. ट्रेमध्ये कागद हलू लागला. आधी फैज उमटला, हातात चहाचा ग्लास. मग दोरी, दोरीवर गणवेश, आणि दोन गणवेशांच्या मधे चिमट्यानं टांगलेली... ती! नाकावरच्या रागासकट! दुसरा कागद टाकला. चहाच्या किटलीला टेकून पुन्हा तीच. तिसऱ्यात वाळूच्या पोत्यावर.

"दिसलं?" पडद्याबाहेरून आवाज आला.

तिनं चौथा कागद ट्रेमध्ये टाकला.

"सगळ्यायले माहीत आहे तिथी. स्वयंपाकी रोज विचारे, वहिनीचा राग उतरला का म्हणून. मले वाटलं, तू पाहून गप राह्यली... म्हणूनच अम्मीले राजुऱ्याचं हो म्हटलं. निगेटिव्ह तर तुह्याच हातात होतं. काऊन नाई दिसलं?"

उमेराचे डोळे भरून आले, आणि रागही आला.

"तुमच्या तोंडावरून नजर हटली असती, तर दिसलं असतं नं!"

पडद्याबाहेर फैज खुदकन हसला.

ओला फोटो घेऊन ती बाहेर आली. चाचीनं सवयीनं आधी पोराचं तोंड न्याहाळलं. "जेवला दिसते." मग नजर मागं गेली, दोरीवर थांबली, तिथून उमेराच्या लाल झालेल्या गालांवर आली.

"का बाप्पा! काखेत कळसा आन् मी निघाली राजुऱ्याले! जाफरभाऊ, पोरीसाठी कोणाले शब्द देल्ला नाई नं तुमी?"

जाफरभाई फोटोकडं बघत राहिले, मग लेकीकडं. तिनं मान वर केली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी गुपचूप दुसरं स्टूल सरकवलं आणि कॅमेऱ्यामागं उभे राहिले.

"एक फ्रेम उरली आहे. बसा दोघंबी."

उमेरा बसली, आणि सवयीनं बोलून गेली, "अब्बा, मागं चाची येऊन राह्यली फोटोत... तिचा डबा, छत्री, सारा पसारा..."

"येऊ दे," जाफरभाई म्हणाले, आणि खटका दाबला.