कुशीतली काळी माती

जेवणाच्या सुट्टीत खड्डा ओस पडला आणि तेवढ्यात बाळाची हाडं नाहीशी झाली.

"हजारो वर्षं आईच्या कुशीत होतं ते," उत्खननाचे प्रमुख म्हणाले. "उद्या ते प्रयोगशाळेत जाणार होतं, आई संग्रहालयात. मजूर म्हणतात, आईनंच लपवलं. कोणी खाली उतरायला तयार नाही."

गुप्तहेर बाई खड्ड्यात उतरल्या. सोबत कायम दीर असल्यामुळे सगळं जग त्यांना वहिनीच म्हणे.

आईच्या सांगाड्याचा हात रिकाम्या जागेला कवटाळून होता. बाळाच्या गळ्यातले मणी तिथंच पडले होते. भोवती पिवळी माती. फक्त आईच्या बरगड्यांपाशी काळपट डाग.

"काळी माती कुठली?"

"वरच्या थरातली," प्रमुख म्हणाले. "एवढ्या खोलवर ती नसतेच."

फाटकावरचा पहारेकरी शहारला. "बाहेर कोणी गेलं नाही, वहिनी. पण खड्ड्यातून हुंदके ऐकले. देवाशप्पथ!"

हाडांच्या तज्ज्ञ बाई वैतागल्या होत्या. "पायाची बोटंसुद्धा गेली! मुलगा की मुलगी, तेही कळलं नव्हतं. एवढ्या लहान हाडांवरून कळतच नाही."

सांगाड्यांची चित्रं काढणारी बाई शांत होती. "मी सकाळीच पाहिलं शेवटचं. गाढ झोपला होता तो."

वहिनींनी सगळ्यांना काठावर बोलावलं.

"भूतच असणार," दीर पुटपुटले.

"भावोजी, भूत माती उकरत नाही. चोर असता तर मणी नेले असते. फाटकातून कोणी गेलं नाही, म्हणजे बाळ इथंच आहे. खाली खणताना वरच्या थरातली काळी माती कडेवरून पडून पिवळीत मिसळली. डाग आहे तिथं पुरलंय." त्या चित्रकार बाईकडे वळल्या. "सगळे 'ते बाळ' म्हणतात. तुम्ही 'तो' म्हणालात. हुंदके तुमचेच ना?"

तिनं मान हलवली. "माझा गेला, तेव्हा दवाखान्यात मला जवळही घेऊ दिलं नाही. यालाही उद्या आईपासून तोडणार होते."

"पुरावा बिघडवलात तुम्ही!" प्रमुख ओरडले.

तज्ज्ञ बाईंनी कुंचल्यानं माती बाजूला केली. बाळ आईला बिलगून होतं, हाडन् हाड जागच्या जागी. प्रमुख काठावर गुडघे टेकून पाहत राहिले.

"मातीसकट एकत्रच उचलू," शेवटी प्रमुख म्हणाले. "एकाच पेटीत."

दीर चित्रकार बाईशेजारी बसले. "नाव काय होतं हो त्याचं?"

इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. तिनं ते हळूच सांगितलं. मग पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.