हिरवी विहीर

"मुक्या, खाली वाक! ती बघ!"

दिवाळीच्या किल्ल्यासाठी लाल माती आणायला रत्नप्रभा आणि मुकेश टेकडीवर आले होते. माती राहिली बाजूला! कोंडूशेठच्या पोल्ट्रीमागे मेलेल्या कोंबड्या टाकायचा खड्डा होता. तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक अनोळखी बाई त्यात काहीतरी हिरवंगार ओतत होती.

"औषध आसंल," मुकेश पुटपुटला.

"मग तोंड कशाला लपवते रे? काहीतरी काळंबेरं हाय!"

संशय यायचाच! रत्नप्रभाचा धाकटा भाऊ आदेश पावसाळ्यापासून जुलाबांनी नुसता काटकुळा झाला होता. गोळ्या संपल्या, की पुन्हा सुरू! त्यात आता ही बाई!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर एकच बोंब उठली. विहिरीचं पाणी हिरवं झालं होतं! आणि ती बाई तिथेच उभी राहून ते पाणी बाटलीत भरत होती! लोकांनी तिला घेरलं. सगळ्यात मोठा आवाज कोंडूशेठचा.

"विष कालवलं हिनं! हिच्या गाडीची चावी काढून घ्या!"

"अहो, मी दिशा. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करते. हा साधा, निर्धोक रंग आहे. पाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळं पाठवलं होतं, दोन पानं!"

"ग्रुपवर आमी फुलांचे फोटू बगतो," चंद्राआजी फणकारली. "दोन पानं कोन वाचतंय?"

"मग पिऊन दाखवा!" रत्नप्रभाने पोहरा पुढे केला.

दिशाताई मागे सरली. "नाही. हे मी पिणार नाही."

"बघा! पीत नाय!" गर्दी खवळली.

दिशाताईने आपल्या पिण्याच्या दुसऱ्या बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात तोच रंग चिमूटभर टाकला आणि सगळ्यांसमोर दोन घोट घेतले. रत्नप्रभा चक्रावली. रंग चालतो, मग विहिरीचं पाणी का नाही?

"मुक्या!" ती ओरडलीच. "रंग विहिरीत टाकलाच नाय! आपण बघितलं ना, कोंबड्यांच्या खड्ड्यात ओतला!"

"म्हंजे खड्ड्यातली घाण... विहिरीत?"

"तेच तपासत होते मी," दिशाताई म्हणाली. "ती जमिनीखालून झिरपते. वास असह्य होता, म्हणून ओढणी बांधली होती."

"माझ्या जागेत, मला न इचारता!" कोंडूशेठ गुरगुरला.

मुकेशने गर्दीतल्या आपल्या वडिलांचा फोन हिसकावलाच. "शेठ, त्या दोन पानांखाली पहिला अंगठा तुमचाच हाय! न वाचताच दाबला काय?"

हशा पिकला. कोंडूशेठने मान खाली घातली. "आजच खड्डा उपसतो," तो पुटपुटला.

"बाई, पुढच्या येळी आधी हितं विहिरीवर येऊन सांग," चंद्राआजीने दिशाताईला बजावलं. "आन् पोरांनो, आमच्या पांढऱ्या केसांपरीस तुमी शाने!"

पण शाबासकी ऐकायला रत्नप्रभा होतीच कुठे? ती घराकडे सुसाट पळत होती.

आदेश काल विहिरीवरून भरून आणलेल्या हंड्यात पेला बुडवत होता. तिने हंडा धाडकन आडवा केला.

"अगो, येडी झालीस?" आई ओरडली.

धापा टाकत रत्नप्रभाने सगळं सांगितलं. आईने दोघांना घट्ट जवळ ओढलं.

"तू नसतीस गो," तिला रडू कोसळलं, "तर आज पन मीच पाजलं असतं."