लॅमिंग्टनचा भाव

बेकरीच्या रांगेत माझ्या मागचा माणूस फोनवर तणतणत होता. "ज्या बाईनं हा पगारांचा अहवाल लिहिलाय ना, ती एकदा भेटू दे मला..."

मी मागे वळले. "भेटली. ब्रॉनविन म्हणतात मला."

बिचाऱ्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. छत्री नव्हती, केसांतून पाणी गळत होतं, आणि डोळे — जाऊ दे. नाव डेक्लन. आमच्या होबार्टमधल्याच एका छोट्या कंपनीत तो लॅमिंग्टन सांभाळायचा. लॅमिंग्टन ही प्रोग्रामरांची एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच; बंदरांचे हिशेब अजून तिच्यावरच चालतात. कोणत्या लायब्ररीला किती मागणी, किती पगार, हे दर तिमाहीला मांडणं माझं काम. यंदा मी लिहिलं होतं, लॅमिंग्टनवाल्यांना मागणी चिक्कार, पण पगार कोसळलाय.

"तो आलेख दाखवून साहेब माझा पगार कापतायत," तो म्हणाला. "मान्य नसेल तर महिनाअखेरीला घरी बसायचं."

रांग सरकली तशी मी काउंटरकडे पाहिलं. काचेवर चिठ्ठी होती, 'लॅमिंग्टन करणारा माणूस पाहिजे.'

माझ्या कॉम्प्युटरनं नोकरीच्या जाहिरातींतला नुसता 'लॅमिंग्टन' हा शब्द मोजला होता. लॅमिंग्टन नावाचेच, चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केक करणारे देशभरातले आचारी मी प्रोग्रामर म्हणून छापले होते.

मी ते कबूल केलं. डेक्लन हसत सुटला. तिथंच मी विरघळले, खोटं कशाला बोलू.

चारशे जाहिराती हातानं निवडायच्या होत्या. तो रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या ऑफिसात यायचा.

"'पहाटे चारला हजर हवं,'" मी वाचायची.

"केक."

"'जुन्या, हट्टी गोष्टींशी धीरानं वागणारा हवा.'"

"मी," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "हट्टी कोण, ते विचारू नका."

"नाही विचारत. पुढची वाचा तुम्ही."

खऱ्या निघाल्या अकरा, आणि त्यांचा पगार माझ्या आलेखातल्या आकड्याच्या दीडपट. 'चूक माझी' असं नावानिशी लिहून मी सुधारलेला अहवाल काढला. ऑफिसात आठवडाभर मला केकवाली म्हणत होते. डेक्लनची कपात टळली. पण त्या अकराही जागा देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला होत्या, आणि तिथल्या एका कंपनीनं त्याला हुडकून फोन केला.

तो रिमझिमीत भिजून माझ्या टेबलापाशी आला. "अहवाल काय म्हणतो? जाऊ?"

"अहवाल म्हणतो, जा."

"आणि ब्रॉनविन?"

"ब्रॉनविन म्हणते... नको ना जाऊस."

'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. त्यालाही कळलं नसावं. माझे डोळे भरले होते, पण डोकं शाबूत होतं.

"ऐक. अकरा जागा आहेत आणि हे काम येणारी माणसं देशात चार. इथूनच करीन म्हणून सांग. आता जरा भाव खा, वेड्या."

त्यानं तिथंच फोन लावला. "होबार्ट सोडणार नाही," तो म्हणाला. "कारण? खासगी आहे."

दुसऱ्या हातानं त्यानं माझा हात धरला होता. पलीकडचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं. मग तो हसला, आणि पर्थवाले हो म्हणाले हे त्याला सांगावं लागलं नाही. फोन त्यानं खाली ठेवला, हात मात्र सोडला नाही.