तापलेल्या ब्रेकवरचा पाय

पहिल्याच भेटीत तिने त्याला हमाल समजून दोन जडशीळ ब्रेक डिस्क त्याच्या हातात ठेवल्या. भुरभुर पाऊस, शेडचं अडकलेलं दार, आणि समोर हा तेलकट कपड्यांत निवांत उभा... तिला दुसरं काय वाटणार? त्यानेही निमूटपणे त्या आत नेल्या. शर्यतीच्या गाड्या पळवून ब्रेक पारखणारा चालक तो हाच, हे कळलं तेव्हा ती शरमेने अर्धमेली झाली. गाडी सुसाट आणि बोलणं संथ, म्हणून सगळे त्याला ‘सावकाश’ म्हणायचे. तो नुसता हसला, आणि ते हसू तिच्या डोक्यातून काही जाईना.

दोन वर्षं ती धातूच्या प्रयोगशाळेत एकाच ध्यासाने राबत होती. डिस्क आधी अतिथंड टाकीत गोठवायची, मग भट्टीत हळूहळू तापवायची. अशी डिस्क जास्त टिकते, हा तिचा दावा. आता साधी, खाचा पाडलेली आणि तिची, अशा तिन्ही डिस्कची परीक्षा होती. तिची नापास झाली की प्रयोगशाळेचे साहेब प्रयोगच गुंडाळणार होते.

रोज चाचणी संपली की दोघं शेडमध्ये कॉफी घेत बसायची. ती डिस्कबद्दल खोदून खोदून विचारायची.

“डिस्कची एवढी चौकशी करता,” तो एकदा म्हणाला, “चालवणाऱ्याचं काय?”

“त्याची परीक्षा माझ्या खात्यात येत नाही,” ती म्हणाली खरी, पण कान मात्र लाल झाले.

पाचव्या दिवशी घात झाला. तिची डिस्क लावली, पहिल्या फेऱ्या झाल्या, आणि ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरायला लागलं. गोठवल्याने डिस्क वाकली असणार, साहेबांनी निकाल देऊन टाकला. दोन वर्षांचे कागद ती मुकाट्याने गोळा करू लागली.

तेवढ्यात सावकाश पुढे आला.

“डिस्क वाकलेली नाही, साहेब. चूक माझी आहे. मी मध्येच गाडी उभी केली.”

नव्या डिस्कचं एक पथ्य असतं. पहिल्या फेऱ्यांत ती तापली की ब्रेक दाबून गाडी उभी करायची नाही. ब्रेकच्या पॅडचा डाग डिस्कवर बसतो आणि मग थरथर सुटते. नवशिक्यालाही हे ठाऊक असतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे, मग थांबलास कशाला?”

त्याने तिच्याकडे मान वळवली.

“या मॅडम कठड्यापाशी उभ्या होत्या... वाऱ्याने केस उडत होते, ते एका हाताने आवरत वहीत लिहीत होत्या. मी बघतच राहिलो. पाय ब्रेकवरच राहिला.”

साहेब खाकरले, डाग घासून पुन्हा चाचणी घ्या म्हणाले, आणि त्याला आठवडाभर गाडीवरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चालकाने तीच डिस्क पळवली. थरथरीचं नाव नाही. तिचा प्रयोग वाचला होता. ती धावतच शेडमागे गेली. तो पायरीवर एकटाच बसला होता.

“माझ्यासाठी सगळ्यांसमोर नाक कापून घेतलंत,” ती म्हणाली.

“डिस्क खरी होती. तुम्हाला राग आला असेल तर...”

“राग?” ती त्याच्या शेजारी टेकली. “त्या पहिल्या फेऱ्यांची नोंद कुणी ठेवतच नाही. मग मी तिथे काय लिहीत होते, विचार ना.”

“काय लिहीत होतीस?”

“काहीच नाही... वही कोरी आहे.”